जुन्यात आवाज नव्हता

सकाळी दुकान उघडल्यापासून थोरली गल्ल्यावर बसून फोनवर आपल्या दिराची समजूत काढत होती.

"भावजी, एकदाच म्हणून टाका हो. मीच नेले, चूक झाली, संपलं. जीभ झिजते का माणसाची? आप्पा म्हणतात, कबूल कर आणि जिना चढ. आईंचं आता काही खरं नाही. तुमच्या नावाचा नुसता धोशा लावलाय त्यांनी."

पलीकडून दीर, घरातला धाकटा, म्हणाला, "वहिनी, पण मी नेलेच नाहीत."

"ते राहू द्या हो आता! आईंना बघायचंय की नाही तेवढं सांगा."

बघायचं होतं. दुपारी येतो म्हणाला. थोरलीने फोन ठेवला आणि सुटकेचा श्वास सोडला. आपण केवढं मोठं काम केलं, असं तिला तेव्हा वाटत होतं. वाटू दे बिचारीला.

आता ही भानगड काय, ते सांगायलाच हवं. खाली नळ, शॉवर आणि बेसिनचं दुकान, वर घर. दोन्ही आप्पांचं, म्हणजे थोरलीच्या सासऱ्यांचं. माणूस असा, की चहात साखर जास्त पडली तर चूक साखरेची. आप्पांची चूक ही वस्तू त्या घरात कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मुलगे दोन. थोरला माल बघायचा, धाकटा बाहेरून ऑर्डरी आणायचा. दुकानात सगळ्यांना सारखे काळे शर्ट, चकचकीत, सिंथेटिक, छातीवर दुकानाचं नाव. थोरलाही तोच घालायचा. धाकटा मात्र रोज कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचा. "मी काय बँडवाला आहे का?" म्हणायचा. आणि हाच पांढरा शर्ट त्याला भोवला.

दुकानाच्या मागे माल ठेवायची खोली आहे, बिनखिडकीची. भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही. किल्ल्या तिघांकडेच, आप्पा आणि दोन मुलगे. त्या खोलीतून महागाच्या नळांची खोकी कमी व्हायला लागली, तेव्हा आप्पांनी कॅमेऱ्याच्या डब्यात साठलेलं सगळं चित्रण काढून बघितलं. अंधारातलं चित्र काळं-पांढरं, धुरकट. त्यात एक माणूस पाठमोरा, खांद्यावर खोकं, अंगात पांढरा शर्ट. चेहरा नाही की काही नाही, नुसता शर्ट. पण पांढरा शर्ट दुकानात एकच जण घालतो म्हटल्यावर चेहरा कशाला लागतो? आप्पांनी तेवढाच तुकडा मोबाइलवर घेतला, झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि नोकरांच्या देखत धाकट्याच्या कानाखाली वाजवून त्याला बाहेर काढलं. सगळ्यांसमोर कबूल केल्याशिवाय पुन्हा हा जिना चढायचा नाही, म्हणाले. "मी नाही, मी नाही" करत तो गेला तो गेलाच.

थोरली त्या दिवशी हमसून हमसून रडली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात तिची बाजू घेणारा हा एकच. पण तिनेही तो तुकडा बघितला होता. डोळ्यांसमोर शर्ट दिसतोय म्हटल्यावर ती तरी काय बोलणार!

ऐकलं नाही ते फक्त आईंनी, तिच्या सासूने. "माझं पोर चोर नाही. तुमचा तो डबा खोटारडा आहे," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी आप्पांशी अबोला धरला. पुढे अंथरूण धरलं तरी अबोला सुटला नाही. आप्पा औषधाची गोळी घेऊन समोर उभे राहिले की आई तोंड फिरवायच्या, आणि तीच गोळी थोरलीच्या हातून मुकाट्याने घ्यायच्या. उभ्या आयुष्यात आप्पांना कुणी नमवलं नव्हतं, आणि ही अंथरुणावरची बाई नमवत होती. ते त्यांना फार झोंबत होतं.

तर धाकटा यायचा होता त्याच सकाळी कॅमेरेवाला आला.

कॅमेरेवाला म्हणजे तोंडाचा पट्टा. जुने कॅमेरे बदलायचे आप्पांच्या मनात होतं, पण माणूस संशयी. नवा कशात सरस आहे ते आधी दाखव, म्हणाले. म्हणून त्याने प्रत्येक जुन्या कॅमेऱ्याशेजारी एक नवा लावला आणि गल्ल्यामागे दोन पडदे शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे जुना, उजवीकडे नवा.

"दिवसभर दोन्ही चालू ठेवतो. तुम्हीच बघा, तुम्हीच ठरवा," तो म्हणाला. "आता तो पलीकडच्या फळीवरचा नळ बघा काका. जुन्यात मोठा करतो. काय दिसतंय? नुसते ठोकळे. आता नव्यात. वाचा त्याच्यावरची चिठ्ठी!"

खरंच, नव्यात चिठ्ठीवरचं बारीक अक्षरसुद्धा लख्ख दिसत होतं. आप्पा खुर्ची पुढे ओढून बसले. कॅमेरेवाल्याला आणखी चेव आला. जुन्याला चित्राची जाड वायर वेगळी, विजेची वेगळी, नव्याला एकीवरच दोन्ही. जुन्याचं चित्र लांबून येता येता मळतं, नव्याचं जसंच्या तसं पोचतं.

"आणि याच्यात खोट काय आहे, तेही सांगतो," तो म्हणाला. "जुना लगेच दाखवतो. हा जरा मागून येतो. हात हलवा बघू."

आप्पांनी हात हलवला. डाव्या पडद्यावर हात लगेच हलला, उजव्यावर किंचित उशिराने. थोरलीला उगाच हसू आलं. नवा कॅमेरा विचार करून दाखवतो की काय, असं ती म्हणालीसुद्धा.

"आता अंधारातलं बघू. कुणीतरी मागच्या खोलीत जाऊन दिवा बंद करा. दादा, तुम्हीच जा."

दादा म्हणजे थोरला, थोरलीचा नवरा. तो तिथेच बेसिनच्या खोक्यांवर टेकला होता. "एखाद्या नोकराला पाठवा की," तो म्हणाला. "मला कामं नाहीत का?"

"जा म्हणतोय ना तो!" आप्पा खेकसले.

थोरला गेला. खोलीत शिरून त्याने दिवा घालवला आणि नुसताच उभा राहिला.

"अहो हला ना, काहीतरी उचला!" कॅमेरेवाला ओरडला.

थोरल्याने पाठ वळवली आणि एक खोकं खांद्यावर घेतलं.

डाव्या पडद्यावर एक माणूस खोकं घेऊन उभा होता. पाठमोरा, धुरकट. अंगात पांढरा शर्ट.

उजव्या पडद्यावर, किंचित मागून, तोच माणूस तेच खोकं घेऊन उभा होता. अंगात काळा शर्ट.

"हीच तर गंमत!" कॅमेरेवाला मांडीवर थाप मारून हसला. "जुन्याला अंधारात रंग कळत नाही हो. तो आपल्याला न दिसणारा उजेड टाकतो, आणि त्या उजेडात हे असलं काळं सिंथेटिक कापड पांढरं फटक दिसतं. लोक मला फोन करतात, दुकानात भूत फिरतंय म्हणून! नवा बघा, स्वतःचा बारीक दिवा लावून जो रंग आहे तोच दाखवतोय."

हसला तो एकटाच. थोरली मनात हिशेब करत होती. किल्ल्या तिघांकडे. आप्पा काठीशिवाय उभे राहू शकत नाहीत, ते खांद्यावर खोकं काय घेणार! पांढऱ्या शर्टातला धाकटा अंधारात पांढरा दिसला असता, खरं आहे. पण काळ्या शर्टातला तिचा नवराही पांढराच दिसतो की! आणि तो तुकडा तिने इतक्यांदा बघितला होता, की खोकं आधी गुडघ्यावर आणि मग खांद्यावर घ्यायची ती लकब तिला आत्ता, या क्षणी, डाव्या पडद्यावर जशीच्या तशी दिसली. रोज संध्याकाळी पाण्याचा कॅन वर नेताना तिचा नवरा असाच उचलतो. इतके दिवस आपले डोळे कुठे होते? शर्टावर होते, दुसरं काय.

तिने आप्पांकडे बघितलं. आप्पा पडद्याकडे बघत होते. त्यांच्या जबड्याचं हाड वर-खाली होत होतं.

थोरला बाहेर आला. "झालं का?" म्हणाला, आणि सगळ्यांचे चेहरे बघून दाराशीच थांबला.

आप्पांनी कॅमेरेवाल्याला विचारलं, "यात आवाज येतो का?"

"येतो म्हणजे काय! जुना मुका, त्यात आवाज नव्हताच. नव्यात चित्र, आवाज, सगळं मोबाइलवर. वरच्या मजल्यावर बसा नाहीतर परगावी बसा. फक्त नेट बारीक असलं तर मध्ये मध्ये अडकतं."

"हिच्या मोबाइलवर लावून दे," आप्पा थोरलीकडे बोट करून म्हणाले. "मग बाहेरचा कॅमेरा बसव."

त्याने लावून दिलं आणि शिडी घेऊन तो शीळ घालत बाहेर गेला. आपण काय करून ठेवलंय याचा त्याला पत्ताही नव्हता.

आप्पा थोरल्याला एवढंच म्हणाले, "वर जाऊन शर्ट बदल."

"आप्पा, मी सांगणारच होतो..."

"शर्ट बदल म्हटलं ना? आणि जाताना तो मोबाइल घेऊन जा. तुझ्या आईच्या हातात दे, त्यात दुकानाचं चित्र लावून. तिचा लाडका येतोय दुपारी. काय म्हणतो ते तिलाही ऐकू दे."

थोरलीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती ताडकन उठली. "आप्पा, अहो असं काय करताय? भावजींनी काही केलेलं नाही. तुम्ही आत्ता बघितलंत ना!"

"मी काय बघितलं?" आप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तू काय बघितलंस?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"एक गेलाय," आप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "दुसऱ्यालाही हाकलू म्हणतेस? मग दुकान कोण चालवणार, तू? आणि झाडून सगळ्या नात्यात मी काय सांगू, आप्पाला काळं-पांढरं कळत नाही म्हणून? ठरलंय तसंच होईल."

थोरला जिना चढायला लागला तशी ती मागोमाग धावली आणि वळणावर तिने त्याचा दंड धरला. "सख्खा भाऊ आहे हो तुमचा! इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसलात?"

"मी कुठे कुणाचं नाव घेतलं?" थोरला म्हणाला. आणि त्याला ते खरंच वाटत होतं, हे तिला दिसलं. "पांढरा शर्ट, पांढरा शर्ट, हे आप्पाच म्हणाले. मी एक अक्षर तरी बोललो का? विचार कुणालाही."

"मी आईंना सांगणार आहे."

"सांग की." त्याने दंड सोडवून घेतला. "आप्पांनी मला ठेवलंय. आता घराबाहेर कोण जाईल, तूच विचार कर. पोरं माझी आहेत, घर आप्पांचं आहे. तुझं काय आहे इथे?"

तो वर गेला. ती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. तुझं काय आहे इथे? माहेरी आता भाऊ नाही, आई नाही, माहेरच उरलं नव्हतं. मग ती खाली आली आणि गल्ल्यावर जाऊन बसली. शिव्या द्यायच्या तर इथे द्या तिला.

धाकटा दुपारी आला. दाराशी पहिली तीच भेटली. वाळून काटकी झाला होता, पण दाढी घोटून केलेली, हनुवटीवर ब्लेड लागलेलं, आणि अंगात तोच कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"आईने ओळखायला हवं ना," तो हसून म्हणाला. "वहिनी, तुम्ही फोन केला नसता तर मी आलो नसतो. तुमचे उपकार आहेत."

परत जा, तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. परत जा भावजी, वर आईंच्या हातात मोबाइल आहे. मागे आप्पांची काठी फरशीवर वाजली.

"चला," ती म्हणाली. "आईंचा डोळा लागायच्या आत आटपा."

आप्पांनी सगळ्या नोकरांना गल्ल्यासमोर उभं केलं होतं. नव्या कॅमेऱ्याच्या बरोबर खाली त्यांनी काठीने जागा दाखवली. थोरला निळा शर्ट घालून कडेला उभा होता, हाताची घडी घालून.

"बोल," आप्पा म्हणाले. "मोठ्याने. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे."

धाकट्याने एकदा जिन्याकडे बघितलं. "मीच नेले," तो म्हणाला.

"काय नेलंस?"

"नळांची खोकी."

"आणखी?"

धाकटा गोंधळला. त्याला काय माहीत! तो गेल्यावर मालाची मोजदाद केली तेव्हा शॉवरही कमी भरले होते आणि तेही त्याच्याच नावावर टाकले होते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चोराला आपण काय चोरलं तेच ठाऊक नाही. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"शॉवर," थोरल्याने हळूच सांगितलं. "ते मोठे, गोल."

"शॉवरपण," धाकटा म्हणाला. "मोठे, गोल."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्या नाही. माझीच बुद्धी फिरली."

"मी तुझ्यावर अन्याय केला का?"

तेव्हा मात्र तो थांबला. गल्ल्यामागच्या पडद्यांकडे बघण्याचा थोरलीला धीर होईना, पण डोळे तिकडेच गेले. डाव्या पडद्यावर त्याची मान खाली गेली होती. उजव्यावर ती अजून ताठ होती. मग तिथेही खाली गेली.

"नाही आप्पा," तो म्हणाला. "हो, मीच चोर. तुमचंच बरोबर होतं."

"जा," आप्पा म्हणाले.

तो असा धावला म्हणता! दोन-दोन पायऱ्या एकदम. थोरली त्याच्या मागे, तिच्या मागे तिचा नवरा. वरच्या खोलीच्या दाराशी पोचता पोचता धाकट्याने हाक मारली, "आई!"

आतून त्याचाच आवाज आला. "नाही आप्पा. हो, मीच चोर. तुमचंच बरोबर होतं."

आई उशांना टेकून बसल्या होत्या. मोबाइल दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला होता. तिथल्या बारीक नेटवर धाकटा अजून खालीच उभा होता. आईंनी हळूहळू मान वर केली आणि दारातल्या धाकट्याकडे बघितलं. थोरलीने त्यांना आजारपणात बघितलं होतं, वेदनेत बघितलं होतं, पण हा चेहरा बघितला नव्हता.

धाकट्याला सगळं कळायला वेळ लागला नाही. तो पलंगापाशी गुडघ्यांवर बसला. "आई, ते खोटं आहे. तुला भेटायला मिळावं म्हणून म्हणालो. आईशप्पथ, मी काही नेलेलं नाही."

"शॉवरपण म्हणालास," आई म्हणाल्या. "मोठे, गोल म्हणालास."

"ते दादाने सांगितलं म्हणून!"

"आता दादावर ढकल." त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. "सगळ्या घराशी भांडले रे मी तुझ्यासाठी. तुझ्या बापाच्या हातचं पाणी घेतलं नाही."

"वहिनी!" धाकट्याने वळून तिचे पाय धरले. "वहिनी, तुम्ही सांगा ना! तुम्हीच फोन केलात ना? एकदाच म्हणून टाका, असं तुम्हीच म्हणालात. सांगा आईला!"

आईंनी थोरलीकडे बघितलं. या घरात त्या जिच्या हातून गोळी घ्यायच्या, जिच्यावर त्यांचा विश्वास होता, अशी ती एकच उरली होती. त्या वाट बघत होत्या. एक शब्द पुरला असता. थोरलीच्या मागे दाराच्या चौकटीला टेकून तिचा नवरा उभा होता. तो काही बोलत नव्हता. तो कधीच काही बोलत नसे.

"मी फोन केला, आई," थोरली म्हणाली. "पण जे खरं असेल तेच सांगा, असं म्हणाले मी."

धाकट्याने तिचे पाय सोडले.

खाली काठी वाजली. आप्पा एक-एक पायरी चढत वर येत होते. दारात येऊन ते धापा टाकत उभे राहिले. एका हातात काठी, दुसऱ्यात पाण्याचा पेला आणि गोळी. मध्ये बसलेल्या धाकट्याला वळसा घालून ते पलंगापाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला.

आईंनी गोळी घेतली. पाणीही घेतलं. मग हातातला मोबाइल थोरलीच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून त्या झोपल्या. "त्याला जायला सांगा," म्हणाल्या.

तो गेला. त्याला जाताना कुणी बघितलं नाही, कारण सगळे आईंकडे बघत होते. थोरलीने मोबाइल बंद करायला हातात धरला. मधेच अडकलेलं चित्र आता सुटलं होतं. त्यात पांढरा शर्ट घातलेला धाकटा नुकताच वळला होता आणि दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत, हसत हसत जिना चढत होता.